व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: तालुक्याच्या दुकानदाराला किती पुरतं?

यवतमाळ घ्या, वाशीम घ्या, नाहीतर गडचिरोली. तालुक्याच्या गावी कृषी केंद्र, हार्डवेअर, दाल मिल, रोपवाटिका किंवा शिलाईचं दुकान चालवणाऱ्याचा ताप सारखाच आहे. दुकानात माल आला हे खेड्यात कळत नाही आणि खेड्यात काय पाहिजे हे दुकानात वेळेवर कळत नाही. गिऱ्हाईक वीस-पंचवीस किलोमीटरवरून एसटीनं येतं, माल संपलेला असतो, आणि पुढच्या खेपेला ते सरळ समोरच्या दुकानात शिरतं. यावर आज बहुतेकांनी धरलेला उपाय म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. भारतात हे अ‍ॅप जानेवारी २०१८ मध्ये आलं. फुकट आहे, मराठीत चालतं, आणि साध्या अँड्रॉइड फोनवर बसतं.

आमचे गुण पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापला तो अ‍ॅप वाईट आहे म्हणून नाही. ते ज्या गिऱ्हाइकाला धरून बनवलं आहे ते गिऱ्हाईक आपल्याकडे अर्धंच सापडतं, म्हणून कापला. स्वतःचा स्मार्टफोन, चोवीस तास नेट, वाचायची सवय आणि दुकानाचा नंबर सेव्ह, हे चारही एका माणसाकडे असतील तर अ‍ॅप सोन्यासारखं चालतं. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चौथी आहे आणि दुकानदार सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडेच देतो.

ब्रॉडकास्ट यादीचं, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना धाडायच्या सोयीचं, गणित आधी समजून घ्या. एका यादीत २५६ नंबर बसतात. ग्रुपसारखा गोंधळ नसतो, प्रत्येकाला निरोप स्वतंत्र जातो आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. पण गिऱ्हाइकाच्या मोबाईलात तुमचा नंबर सेव्ह असेल तरच निरोप पोचतो. तुमच्याकडे त्याचा नंबर असून भागत नाही. नसेल सेव्ह, तर अ‍ॅप तक्रार करत नाही, लाल खूण दाखवत नाही, पैसे परत मागायला तर जागाच नाही. दुकानदाराला वाटतं अडीचशे लोकांना सांगून झालं. पोचलेलं असतं साठ-सत्तर जणांना. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं ना भाऊ’ आणि ‘मले तं काहीच नाही आलं’ हे भांडण इथं जन्मतं. स्टेटसचंही असंच. दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह असतील तरच तुमचं स्टेटस त्याला दिसणार.

तपासायची सोय मात्र आहे. ब्रॉडकास्टमध्ये पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून धरा, ‘माहिती’ उघडा. कोणाला पोचला आणि कोणी वाचला याची नावं तिथं येतात. जी नावं दोन-तीन निरोपांत एकदाही आली नाहीत, त्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही किंवा त्यांचा फोन बंद आहे. ती नावं वहीत उतरवून घ्या आणि माणूस काउंटरवर आला की काम उरका. ‘आमचा नंबर सेव्ह करा’ असं तोंडी सांगून कोणी करत नाही. बिल फाडत असतानाच स्वतःचा नंबर कॉन्टॅक्ट कार्ड म्हणून त्याला पाठवायचा आणि त्याच्याच हातानं, त्याच ठिकाणी, सेव्हवर दाबायला लावायचं. दोन-तीन टिचक्यांचं काम आहे. बिलावर क्यूआर कोड छापणं चांगलंच, पण स्कॅन केल्यानं फक्त चॅट उघडतं, नंबर सेव्ह करावाच लागतो.

आपल्या बाजूनं नाव कसं सेव्ह करायचं हेही ठरवून घ्या. विदर्भात गजानन नावाचे पाच जण एका आठवडी बाजारात सहज भेटतात. म्हणून नाव, गाव, पीक, आणि सगळ्यात शेवटी फोन कोणाचा: ‘गजाननभाऊ, पारवा, कापूस, फोन मुलाचा’. हा शेवटचा तुकडा फार कामाचा. घरात स्मार्टफोन एक, तो कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे, आणि पोरगं खोली करून अमरावतीला. निरोप निळी टिक होऊन येतो आणि बापाला पत्ता नसतो. फोन मुलाचा असेल तर निरोपाच्या पहिल्याच ओळीत ‘बाबांना सांगा’ असं लिहिलेलं बरं. आणि तरीही महत्त्वाच्या मालासाठी बापाच्या बटणाच्या फोनवर कॉल करावा. बटणाच्या जिओफोनवर एके काळी व्हॉट्सअ‍ॅप चालायचं, ती सोयही आता राहिली नाही.

नंबर बदलणं हा दुसरा रोग. रिचार्ज संपलं, सिम फेकलं, दुसऱ्या कंपनीचं घेतलं. ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि कालांतराने तो दुसऱ्याच माणसाला मिळतो. तुमची उधारीची आठवण मग वर्ध्याच्या भलत्याच गृहस्थाला जाते. म्हणून मे महिन्यात, खरिपाची गर्दी सुरू व्हायच्या आधी, यादी एकदा साफ करावी. बरेच दिवस एकच टिक राहिलेल्यांना फोन लावावा आणि मेलेले नंबर काढून टाकावेत.

अ‍ॅप बसवताना एक निर्णय जपून घ्या, तो म्हणजे नंबरचा. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. घरचा नंबर बिझनेसवर नेला तर जुनं बोलणं सोबत येतं, पण उलट वाटेनं ते परत नेता येत नाही. मामाच्या लग्नाचे फोटो आणि युरियाची चौकशी एकाच पेटीत नको असेल तर दुकानासाठी वेगळं सिम घ्या. एका फोनमध्ये दोन सिम असली की एकावर साधं अ‍ॅप आणि दुसऱ्यावर बिझनेस सुखानं नांदतात. दुकानात जुना लँडलाइन असेल तर तोही चालतो, पडताळणीचा कोड कॉलवर ऐकायचा. मूळ फोनाशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे काउंटरच्या कॉम्प्युटरवरून पोरगाही उत्तरं देऊ शकतो. पण मूळ फोन १४ दिवस उघडलाच नाही तर जोडणी तुटते.

प्रोफाइलमध्ये पत्ता लिहिताना सर्व्हे नंबर नको, खूण लिहा: ‘बसस्थानकासमोर, जिनिंगच्या गल्लीत’. वेळा वारानुसार वेगळ्या भरता येतात. बाजाराच्या दिवशी दुकान सकाळी लवकर उघडत असेल तर ते तिथं भरून ठेवा. हे खेड्यातला माणूस खरंच बघतो.

आपोआप जाणाऱ्या निरोपांवर मात्र फार विसंबू नका. स्वागताचा निरोप गिऱ्हाइकानं पहिल्यांदा लिहिलं किंवा १४ दिवस शांत राहून पुन्हा लिहिलं तर जातो. दुकान बंद असतानाचा निरोप ठरवलेल्या वेळेत जातो. पण हे दोन्ही तुमचा फोन चालू आणि नेटवर असेल तरच जातात. म्हणजे जून-जुलैत वादळ आलं, लाईन गेली, टॉवरची बॅटरी संपली आणि गावाचा रेंज गेला, की नेमक्या गरजेच्या वेळी ‘दुकान बंद आहे, उद्या सकाळी उत्तर देऊ’ हा निरोपही जात नाही. मेळघाटात किंवा अहेरी-भामरागडकडे तर हे पावसाळ्याबाहेरही होतं.

उशिरा पोचणाऱ्या निरोपाचा एक डाव बहुतेकांच्या लक्षात येत नाही. न पोचलेला निरोप ३० दिवसांपर्यंत वाटेत थांबून राहतो आणि फोन नेटवर आला की जाऊन पडतो. तुम्ही सोमवारी लिहिलं ‘उद्या बियाणं येणार’. त्यानं गुरुवारी वाचलं आणि शुक्रवारी गाडी पकडली. यावर उपाय सोपा: ‘उद्या’, ‘आज’, ‘येत्या बाजारी’ असे शब्द निरोपातून काढून टाका, तारीख आणि वार लिहा. माल संपला की ‘संपला’ हा निरोपही पाठवा. माल आल्याचं सगळे कळवतात, संपल्याचं कोणी कळवत नाही, आणि एसटीचं भाडं वाया गेलेला माणूस ते विसरत नाही.

मापाचंही असंच. ‘दोन पोते पाठवा’ हा निरोप दुकानदाराला कळल्यासारखा वाटतो. पण युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची, सिमेंटची ५० ची, तांदळाचा कट्टा दुकानागणिक वेगळा, आणि चुंगडी तर कोणाची किती हे चुंगडीलाच ठाऊक. ऑर्डर घेताना उत्तरात किलो आणि रक्कम लिहून ‘बरोबर ना?’ असं विचारण्याची एक ओळ तयार उत्तरांत ठेवून द्या. अशी ५० तयार उत्तरं साठवता येतात आणि तिरपी रेघ (/) टाइप केली की यादी उघडते. आमच्या मते अख्ख्या अ‍ॅपमधली ही सर्वात उपयोगी आणि सर्वात दुर्लक्षित सोय आहे. चार उत्तरं तरी पहिल्याच दिवशी करून ठेवा: पत्ता व वेळ, भावाबद्दलचं उत्तर, ऑर्डरची खात्री, आणि पैसे मिळाल्याची पोच.

आता भाषा. पुस्तकी मराठीत लिहिलेला लांब निरोप आपल्याकडे वाचला जात नाही आणि रंगीत पोस्टर त्याहून कमी वाचलं जातं. पोस्टरमधला भाव स्वस्त फोनवर फुगवून बघावा लागतो, नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि गिऱ्हाइकाचा फोन आधीच सुप्रभातच्या फुलांनी भरलेला असतो. सणाच्या शुभेच्छा तर ब्रॉडकास्टवर टाकूच नयेत. चार शुभेच्छांनंतर माणूस दुकानाला म्यूट करतो, काही जण ब्लॉक करतात, आणि बरेच जणांनी तक्रार केली तर नंबरच बंद पडू शकतो. पाच ओळींचा साधा मजकूर पुरतो: काय आलं, किती आहे, भाव, कुठवर मिळेल ती तारीख, सोबत काय आणायचं.

ज्याला वाचणं जड जातं त्याच्यासाठी आवाजाचा निरोप. यात हे अ‍ॅप खरोखर जिंकतं. वऱ्हाडी बोलणाऱ्याला वऱ्हाडीत, झाडीपट्टीत झाडीबोलीत, बंजारा तांड्यावर गोरमाटीत, कोलाम पोडावर (वस्तीवर) कोलामी येणाऱ्या पोराकडून, मेळघाटात कोरकूत. वीस-तीस सेकंदांच्या वर नको. पहिल्या पाच सेकंदांत वस्तू आणि भाव आलाच पाहिजे, ‘नमस्कार, मी अमुक कृषी केंद्रातून बोलतोय’ यात वेळ घालवू नका, नाव वर दिसतंच. आणि आकडा दोनदा बोला. आवाजाच्या निरोपाखाली एक ओळ मजकूर टाकली की नंतर शोधताना सापडतो.

फवारणीच्या मात्रेबाबत मात्र आवाजाचा निरोप धोक्याचा आहे आणि इथं कृषी केंद्रवाल्यांनी खरंच सांभाळायला हवं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही गोष्ट इथल्या कोणत्याही दुकानदाराला सांगायची गरज नाही. पानाचा फोटो येतो, ‘भाऊ, काय मारू?’ असा प्रश्न येतो, आणि उत्तर जातं ‘ते दोन औषधं एक एक झाकण टाक’. झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं. पंप कोणाचा १५ लिटरचा, कोणाचा २० चा. लेबलवर लिटरला २ मिली लिहिलं असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली आणि २० लिटरच्या पंपाला ४० मिली, आणि निरोपात पंपाचं माप लिहिलेलंच पाहिजे. लेबलवर नसलेलं मिश्रण व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू नये. फोटो बघून नेमका रोग ओळखता येत नसेल तर तालुका कृषी कार्यालयात पान दाखवायला सांगणं हे उत्तरच बरोबर आहे. निरोप पुढे पाठवला जातो हेही लक्षात ठेवा: एकाच्या कापसासाठी दिलेली मात्रा तिसऱ्याच्या तुरीवर जाऊन पडते. अशा उत्तराला सुरुवातीलाच पीक, औषधाचं पूर्ण नाव आणि ‘फक्त तुमच्यासाठी’ हे शब्द असू द्या.

चॅट म्हणजे बिल नाही, हेही यातलंच. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला छापील बिल लागतं, लॉट नंबर लागतो, पिशवी आणि टॅग लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतली तरी बिल फाडा आणि त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवून द्या, त्याच्याकडे कागद हरवतोच.

कॅटलॉगबद्दल थोडक्यात. ५०० वस्तूंपर्यंत मांडता येतात, प्रत्येकीला फोटो, भाव आणि वर्णन. भाव भरायची सक्ती नाही. ठरलेल्या किमतीच्या मालाला भाव भरा. डाळ, तेल, सरकी ढेप असा रोज हलणारा माल असेल तर जागा रिकामी सोडा, नाहीतर मागच्या आठवड्याचा भाव दाखवून गिऱ्हाईक काउंटरवर वाद घालतं आणि त्याचं चुकत नसतं. रोपवाटिकेला कॅटलॉग चांगला शोभतो, पण संत्र्याच्या कलमेचा फोटो खुंट, म्हणजे खालचं मूळ झाड, सांगत नाही. जंबेरीवर बांधलेली आहे की रंगपूरवर, डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरला, कलम किती महिन्यांची, हे वर्णनात लिहिल्याशिवाय वरूड-मोर्शीचा बागायतदार फोनवर येणारच, मग कॅटलॉगचा फायदा काय? शेळ्या-कोंबड्या विकणाऱ्यांनी नाद सोडावा, जिवंत जनावरं कॅटलॉगमध्ये चालत नाहीत. तंबाखूही नाही, त्यामुळे पानठेल्यावाल्याला खर्रा मांडायची सोय नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही.

उधारीसाठी लेबलं, म्हणजे चॅटवर लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या, वापरा. २० लेबलं करता येतात, ती फक्त तुम्हालाच दिसतात. ‘उधारी कापूस’, ‘उधारी सोयाबीन’ अशी पिकावर लावली तर चुकारा (विकलेल्या पिकाचे पैसे) केव्हा येणार याचा अंदाज येतो आणि आठवण त्याच वेळी जाते. सोयाबीनवाल्याला ऑगस्टमध्ये तगादा लावून काय मिळणार! निरोप कधीही ग्रुपवर नाही. ‘नमस्कार काकाजी, तुमच्या खात्यात १४ जूनचे ३,२०० रुपये बाकी आहेत. माल विकला की सोयीनं पाठवा.’ एवढं पुरे. तारीख आणि रक्कम नसलेली आठवण म्हणजे भांडणाचं आमंत्रण. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणून माल देऊ नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणं सोपं आहे, बँकेचा एसएमएस किंवा साउंडबॉक्सचा आवाज हाच पुरावा.

या अ‍ॅपला पर्याय काय? ग्रुपमध्ये १,०२४ जण बसतात आणि नंबर सेव्ह असायची अट नाही, पण सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि समोरचा दुकानदार त्यात दुसऱ्या नावानं बसलेला असतोच. ग्रुप करायचाच तर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल अशी सेटिंग लावा. चॅनल म्हणजे एकतर्फी सूचनांचा फलक; त्यात नंबर झाकलेले राहतात, मात्र गिऱ्हाईक तिथून उलट विचारू शकत नाही.

एसएमएस बटणाच्या फोनवरही पोचतो, हे त्याचं मोठं बळ. अडचण दोन. दुकानाच्या नावानं एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) व्यवसाय, हेडर (पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो, तीनशे गिऱ्हाइकांच्या दुकानाला हे जड आहे. स्वतःच्या सिमवरून पाठवले तर बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० मिळतात. दुसरी अडचण देवनागरीची: इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रा आणि हलन्त वेगळा मोजला जातो. ‘युरिया आला आहे. आधार कार्ड घेऊन या.’ यातच ३५ जागा, म्हणजे अर्धा एसएमएस गेला. दुकानाचं नाव आणि तारीख बसते, बाकी काही नाही. तरी यादीतल्या बटणाच्या फोनवाल्यांसाठी हाच निरोप योग्य. आणि बाजाराच्या दिवशी ऑटोवर बांधलेला भोंगा आजही या सगळ्यांपेक्षा जास्त कानांपर्यंत जातो, फक्त तो उत्तर आणत नाही.

शेवटी चोरीचं. दुकानाचा नंबर गेला तर गिऱ्हाईक यादी, उधारी, सगळंच जातं. सहा आकड्यांचा पडताळणी कोड कोणालाही सांगायचा नाही, ‘चुकून तुमच्या फोनवर आला’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसालासुद्धा नाही, कारण त्याचंही अकाउंट आधीच गेलेलं असू शकतं. सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणी चालू करून सहा आकडी पिन लावा. लग्नपत्रिका, पीएम किसान किंवा लाईट बिलाच्या नावानं आलेली एपीके (फोनात परस्पर प्रोग्रॅम बसवणारी) फाइल उघडू नका आणि काउंटरवर बसणाऱ्या पोरालाही हे सांगून ठेवा, फोन बहुधा त्याच्याच हातात असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन. बॅकअप गूगल ड्राइव्हवर रात्रीचा लावा, पण व्हिडिओ वगळून, नाहीतर खात्याची १५ जीबी जागा लवकर भरते. आणि दुकानाच्या सिमचं रिचार्ज कोणाच्या आठवणीवर सोडू नका. दिवाळीनंतर धंदा मंद असतो, तेव्हा ते हमखास राहून जातं.